नव्या स्वयंपाकघराची शेगडी



या व्यासपीठावरून आजवर आपण राज्यघटना, संतवाङ्मय, शेती, अवकाशविज्ञान अशा मोठमोठ्या विषयांवर ऐकत आला आहात. त्यांच्या पंक्तीला मी आज शेगडी आणून बसविणार आहे, याबद्दल कोणी नाक मुरडल्यास माझी तक्रार नाही. पण आपल्यापैकी ज्यांनी अलीकडे घर बांधले किंवा फ्लॅट घेतला, त्यांनी जरा आठवून पाहावे. फरशी कोणती, भिंतींना रंग कोणता, यांवर घरात महिनेच्या महिने खल होतो. शेगडी मात्र वास्तुशांतीच्या आदल्या आठवड्यात, उरलेल्या पैशांत, दुकानात जी अधिक चकाकते ती उचलली जाते. मग घरातली स्वयंपाक करणारी व्यक्ती पुढची दहा-पंधरा वर्षे रोज काही तास त्या वस्तूसमोर उभी राहते. घरातली दुसरी कोणतीही वस्तू इतकी वापरली जात नाही, आणि दुसरी कोणतीही वस्तू बिघडली असता इतके नुकसान करू शकत नाही. म्हणून नव्या स्वयंपाकघरासाठी भरवशाची शेगडी कशी निवडावी, एवढ्याच प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

आरंभी एका परदेशी गृहस्थाची हकिगत सांगतो. गुस्ताफ दालेन हे स्वीडनमधील अभियंते. समुद्रातील दीपस्तंभांना गॅसचे दिवे असत. दिवस उजाडला की दिव्याचा गॅस आपोआप बंद व्हावा आणि अंधार पडताच पुन्हा सुरू व्हावा, अशी झडप त्यांनी तयार केली. दीपस्तंभांच्या गॅसदिव्यांसाठी केलेल्या या स्वयंचलित योजनांबद्दल त्यांना १९१२ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. दैवदुर्विलास असा, की त्याच वर्षी एका प्रयोगात स्फोट होऊन त्यांची दृष्टी गेली. पुढे घरी असताना आपली पत्नी स्वयंपाकाच्या शेगडीपायी किती थकते हे त्यांच्या लक्षात आले, असे सांगतात. १९२२ साली त्यांनी 'आगा' ही ओतीव लोखंडाची शेगडी सिद्ध केली. वर तापलेल्या दोन चकत्या, खाली भट्टीचे कप्पे, असा तिचा घाट. तिला निखारा सारखा करत बसावे लागत नसे, की आच राखत बसावे लागत नसे. १९२९ च्या सुमारास ती ब्रिटनमध्येही आली, आणि तिकडच्या खेड्यापाड्यांतील घरांचे ती जणू कुलदैवत झाली.

ही शेगडी आपण घ्यावी असे मी सुचवीत नाही. अहोरात्र तापत राहणारे ते धूड थंड देशालाच शोभते. आपल्या वैशाखात ते घरात ठेवणे म्हणजे विकतचा उन्हाळा. पण दालेन यांची पारख करण्याची पद्धत मला मोलाची वाटते. शेगडीची चकाकी त्यांना दिसणे शक्य नव्हते. तिच्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचे श्रम किती वाचतात, हीच त्यांची कसोटी होती. आपणही दुकानात शिरताना क्षणभर डोळे मिटून घेतले, तर पुष्कळ चुका टळतील.

भरवशाची शेगडी कोणती? माझ्या मते तिला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, आपले रोजचे अन्न आपल्याच भांड्यांत तिच्यावर नीट शिजते काय? दुसरा, ती बिघडली तर आपल्या गावात ती कोण आणि किती दिवसांत दुरुस्त करील? तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, ती बिघडली किंवा आपणच चुकलो, तर त्या क्षणी ती काय करील?

या तीन प्रश्नांवर आपल्या घरांतली जुनी साधने घासून पाहू. चूल पहिल्या दोन प्रश्नांत पैकीच्या पैकी गुण मिळविते. तिच्यावर भाकरी होते, वांगे भाजते, आणि ती बिघडली तर मूठभर मातीने सारवली की काम झाले. पण तिचा धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत आणि डोळ्यांत जातो. घरातील अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लक्ष माणसे अकाली दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चूल कधी बिघडत नाही हे खरे, परंतु ती नीट चालत असतानाच अपाय करते.

त्यानंतर आला वातीचा आणि हवा भरण्याचा रॉकेलचा स्टोव्ह. हवा भरण्याचा स्टोव्ह १८९२ साली स्वीडनमध्येच लिंडक्विस्ट यांनी बनविला. त्याचे 'प्रायमस' हे नाव आपल्याकडे घरोघरी इतके रुळले, की ते एका कारखान्याचे नाव आहे हे लोक विसरले. दोन पैशांची पिन, एक चामड्याचा वायसर आणि थोडा धीर एवढ्यावर तो कोणालाही दुरुस्त करता येई. परंतु तो चुकला तर भडकत असे. स्टोव्हच्या भडक्याने भाजल्याच्या बातम्या एके काळी वर्तमानपत्रांत नित्याच्या होत्या. म्हणजे दुसऱ्या प्रश्नात उत्तीर्ण, तिसऱ्यात सपशेल नापास.

मुंबईत १९५५ च्या सुमारास सिलिंडरचा गॅस घरगुती वापरासाठी येऊ लागला, आणि १९६५ साली 'इंडेन' सुरू झाल्यावर तो हळूहळू देशभर पसरला. या शेगडीचे अंतरंग अगदी साधे आहे. सिलिंडरमधील गॅस रेग्युलेटरमधून कमी दाबाने येतो आणि 'जेट' नावाच्या पितळी तुकड्यातील सुईएवढ्या छिद्रातून वेगाने बाहेर पडतो. त्या वेगानेच तो शेजारची हवा नळीत ओढून घेतो. हे मिश्रण बर्नरच्या छिद्रांतून बाहेर येऊन पेटते. शाळेच्या प्रयोगशाळेतला बुन्सेनचा दिवा आपणांस आठवत असेल. १८५५ चे तेच तत्त्व आजही आपल्या ओट्यावर जळते आहे. हवा पुरेशी मिळाली की ज्योत निळी आणि नेटकी असते. ती पिवळी पडून लवलवू लागली, भांड्याची बुडे काळी होऊ लागली, की समजावे हवा कमी पडते आहे. अशा वेळी इंधन वाया जातेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून ज्योतीचा रंग पाहणे ही गृहिणीची रोजची वैद्यकीय तपासणी समजावी. बहुतेक वेळा बर्नर काढून, धुऊन, पूर्ण वाळवून बसविला की काम होते.

तेव्हा शेगडी पाहताना पहिली नजर बर्नरवर टाकावी. तो सहज निघतो काय? जड पितळेचा आहे की हलक्या मिश्रधातूचा? पितळेचा बर्नर उष्णतेने सहसा वाकत नाही, आणि घासून पुन्हा वापरता येतो. मग बटणे फिरवून पाहावीत. मंद आच खरोखर मंद होते काय, की अर्ध्यावरच ज्योत विझते? खीर आटवणाऱ्याला आणि मोदक उकडणाऱ्याला या प्रश्नाचे मोल सांगायला नको. नंतर भांडे ठेवायची जाळी हलवून पाहावी. ती डगमगत असेल तर भरलेली कढई तिच्यावर ठेवण्याची कल्पना करावी. दोन बर्नरमधील अंतर हा तर हमखास फसगतीचा मुद्दा. चार बर्नरची शेगडी घेतली आणि मोठा तवा ठेवल्यावर शेजारी दुधाचे पातेलेही मावेना, तर ती दोन बर्नरचीच झाली. माझा सल्ला असा, की घरातले सर्वांत मोठे पातेले आणि पुरणपोळीचा तवा पिशवीत घालून दुकानात न्यावा. दुकानदार हसेल, हसू द्यावे. रोज त्या शेगडीसमोर तो उभा राहणार नाही.

आय.एस.आय. चिन्ह पाहावे हे सर्वांना ठाऊक आहे, पण त्या चिन्हाखालचा परवाना क्रमांक फार थोडे लोक वाचतात. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बी.आय.एस. केअर' या मोबाइलवरील साधनात तो क्रमांक घातला की परवाना खरा की खोटा हे तिथल्या तिथे कळते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नळाने येणाऱ्या गॅसचा दाब आणि घनफळामागची उष्णता सिलिंडरच्या गॅसपेक्षा कमी असते, म्हणून त्याला जेटचे छिद्र मोठे लागते. सिलिंडरची शेगडी नळाच्या गॅसला तशीच जोडू नये, आणि उलटही करू नये. नव्या इमारतीत पुढेमागे नळाचा गॅस येणार असेल, तर जेट बदलून मिळतात अशीच शेगडी घ्यावी.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, आणि येथे घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्ही नव्या घरात गेलो तेव्हा शेगडी मीच पसंत केली होती, अर्थात तिच्या रूपावरून. माझी आई तेव्हा सत्तरीच्या पुढे होती. एके दिवशी सकाळी तिने दूध तापत ठेवले आणि दाराशी आलेल्या शेजारणीशी बोलत उभी राहिली. दूध उतू गेले, ज्योत विझली, बटण मात्र उघडेच. दहा मिनिटांनी आंघोळ करून मी बाहेर आलो तो घरभर वास. गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. त्या दुर्गंधीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. दिव्याच्या बटणाकडे गेलेला हात मी मागे घेतला, रेग्युलेटर बंद केला, दारेखिडक्या उघडल्या. काही झाले नाही. पण आई त्यानंतर कित्येक महिने दूध तापेपर्यंत शेगडीसमोरून हलत नसे, आणि "मी आता म्हातारी झाले रे," असे म्हणत राही. चूक तिची नव्हती. दूध उतू जाणे ही जगातली सर्वांत सामान्य घटना आहे. ती गृहीत न धरणारी शेगडी मी घरात आणली, ही चूक माझी.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. दोन निरनिराळ्या धातूंच्या तारांचे टोक जोडून तापविले, की तेथे अत्यल्प वीज निर्माण होते, हे झेबेक यांना १८२१ सालीच आढळले होते. बर्नरच्या कडेला अशी एक छोटी कांडी बसवितात. ज्योत जळते तोवर कांडी तापलेली राहते, आणि तिच्या इवल्याशा विजेवर एक चुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली की कांडी निवते, चुंबक सुटतो, आणि अर्ध्या-एक मिनिटात झडप आपोआप बंद होते. बाहेरून वीज लागत नाही. उजेड पडताच बंद होणारी दालेन यांची झडप आणि ज्योत विझताच बंद होणारी ही झडप, दोन्हींतले यंत्र वेगळे. पण माणूस विसरेल हे गृहीत धरण्याचे शहाणपण एकच. ओट्यात बसवायच्या शेगड्यांपैकी काहींना ही सोय असते. ओट्यावर ठेवायच्या साध्या शेगड्यांत ती क्वचित आढळते, पण विचारल्यास मिळू शकते. ती असलेली शेगडी पेटविताना बटण काही क्षण दाबून धरावे लागते, आणि तेवढ्याचा कंटाळा येऊन कारागिराकडून ती निकामी करून घेणारे लोक मी पाहिले आहेत. माझ्या मते बर्नर एखादा कमी घ्यावा, पण ही झडप सोडू नये.

याच शेगडीने मला दुसराही धडा दिला. ती ओट्यात खाच पाडून बसविलेली होती. तीन वर्षांनी तिचे एक बटण घट्ट झाले. बनविणाऱ्यांनी ते रूप बंद केल्याचे कळले, सुटा भाग मिळेना. बाजारातल्या दुसऱ्या शेगड्या पाहिल्या, तर ग्रॅनाइटमधल्या आमच्या खाचेत एकही बसेना. एका बटणापायी दगड कापणाऱ्याला बोलवावे लागले. ज्यांना ओट्यात बसवायची शेगडी हवीच असेल त्यांनी आधी शेगडी ठरवावी, मग दगड कापावा. आणि खाचेचे माप असे निवडावे की निदान तीन-चार कारखान्यांच्या शेगड्या तीत बसतील. खरेदीपूर्वी दुकानदाराला न विचारता गावातल्या शेगडी दुरुस्त करणाऱ्या कारागिराला विचारावे, की कोणत्या शेगडीचे भाग तुझ्या पेटीत आहेत? त्याच्या पेटीपेक्षा खरी हमीपत्रिका मला अद्याप दिसलेली नाही. काचेच्या शेगडीची काच कडक केलेली असते हे खरे, पण तिच्या कडेला टवका उडाला की ती एकदम चुरा होऊ शकते. घाईचा, आदळआपटीचा स्वयंपाक असेल तर स्टेनलेस स्टीलच बरे.

आता नव्या पाहुण्याकडे, म्हणजे इंडक्शन शेगडीकडे. हिच्यात जाळ नाही. काचेखालील तारेच्या वेटोळ्यात विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतो. त्यामुळे बदलणारे चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या बुडातच वीज खेळविते, आणि बूड स्वतः तापते. भांडे उचलले की तापविणे थांबते. वेळ लावून ठेवली की ती आपली आपण बंद होते. विसराळू किंवा वृद्ध माणसासाठी तिसऱ्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर नाही. मात्र हृदयात पेसमेकर बसविलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे.

पहिल्या प्रश्नात मात्र ती अडखळते. तिला चुंबक चिकटेल असेच भांडे लागते. कल्हईची पितळी पातेली, तांब्याचा बंब, ॲल्युमिनियमचा साधा कुकर, मातीचे मडके यांपैकी काहीच तिला चालत नाही, आणि स्टीलची पुष्कळ भांडीही चुंबकाला दाद देत नाहीत. घरातली भांडी एका चुंबकाने तपासावीत, आणि जी बदलावी लागतील त्यांची किंमत शेगडीच्या किमतीत मिळवावी. फुलका जाळावर फुगविता येत नाही, भरिताचे वांगे भाजता येत नाही. दुरुस्तीच्या दृष्टीनेही तिच्या पोटातल्या विद्युत्‌मंडलाला घरगुती उपाय चालत नाही; झुरळे आणि ओल हे तिचे वैरी. शिवाय दोन हजार वॅटची शेगडी सुमारे नऊ अँपिअर प्रवाह ओढते. तेव्हा तिला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि चांगले अर्थिंग हवे. मोबाइल लावायच्या खटक्यावर ती चालवू नये. नव्या घरात हा पॉइंट प्लास्टरपूर्वीच ओढून घ्यावा. नंतर भिंत फोडण्यापेक्षा ते फार स्वस्त पडते.

खर्चाचा हिशेब पुष्कळदा ऐकीव गोष्टींवर चालतो, म्हणून तो येथे मांडतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्याची एकूण उष्णता सुमारे १८० युनिट विजेइतकी. आपल्या मानकानुसार शेगडीने त्यातली किमान ६८ टक्के उष्णता भांड्याला द्यावी लागते, म्हणजे सुमारे १२३ युनिट पदरात पडतात. इंडक्शनवर सुमारे ८५ टक्के वीज भांड्यात जाते असे धरले, तर तेवढ्याच कामाला साधारण १४५ युनिट लागतील. आपल्या सिलिंडरच्या किमतीला १४५ ने भागावे. येणाऱ्या आकड्यापेक्षा विजेचा दर कमी असेल तर इंडक्शन स्वस्त, जास्त असेल तर गॅस. पण दर कोणता धरायचा? वीजबिलात युनिटे वाढली की वरच्या टप्प्याचा दर लागतो, आणि शेगडीची युनिटे नेहमी त्या वरच्या टप्प्यात पडतात. बिल हातात घेऊन हिशेब करावा. आणि हेही लक्षात ठेवावे, की मोठ्या ज्योतीवर लहान भांडे ठेवले तर ते ६८ टक्के कागदावरच राहतात. झाकण ठेवणे, डाळ भिजत घालणे आणि कुकर वापरणे यांनी जी बचत होते, ती कोणत्याही दोन शेगड्यांमधल्या फरकाहून मोठी असते.

शेगडीइतकाच तिच्या जागेचा विचार करावा. ओटा सुताराच्या ठरीव मापाने न करता स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या मापाने करावा. कोपर दुमडून उभे राहिल्यावर ओटा कोपराच्या वीतभर खाली असावा. त्यावर शेगडीची उंची, तीवर कुकरची उंची. हे सर्व मिळून कुकरचे तोंड खांद्याला लागत असेल, तर शेगडीखालचा ओटा चार बोटे खाली घ्यावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी झरोके हवेत. नळाचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो. त्याला छताजवळ वाट हवी. रबरी नळी आय.एस.आय. चिन्हाची 'सुरक्षा' नळी असावी, दीड मीटरच्या आत असावी, डोळ्यांसमोर असावी आणि पाच वर्षांच्या आत बदलावी. वास आला तर खटके न दाबता रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्यात, आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

राहता राहिली ती खाली भट्टी आणि वर चार-पाच बर्नर असलेली मोठी 'रेंज'. आठवड्यातून दोनदा पाव किंवा केक भाजणाऱ्या घरात ती शोभते. इतर घरांत भट्टीचा उपयोग तवे आणि झारे ठेवण्याचे कपाट म्हणून होतो, आणि कपाट याहून स्वस्तात मिळते. भाजण्याची हौस असेल तर विजेची भट्टी वेगळी घ्यावी. दोन यंत्रे वेगळी असली, की एक बिघडल्याने दुसरे बंद पडत नाही.

माझ्यापुरता मी निर्णय केला आहे. आमच्या ओट्यावर आता दोन बर्नरची, स्टीलची, आपोआप बंद होणाऱ्या झडपेची गॅसची शेगडी आहे, आणि तिच्या शेजारी एक इंडक्शन. सिलिंडर संपला तर वीज आहे, वीज गेली तर गॅस आहे. २००५ नंतरच्या भारनियमनाची वर्षे ज्यांना आठवतात त्यांना या जोडगोळीचे महत्त्व पटेल. भाकरी आणि भरीत जाळावर होते. दूध, चहा आणि भात इंडक्शनवर. आई शेवटची चार वर्षे दूध इंडक्शनवरच तापवी. पहिल्या दिवशी दूध तापल्यावर शेगडी टुणकन वाजून आपोआप बंद झाली, तेव्हा ती बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "हिला कळतं म्हणायचं." त्यानंतर ती दूध ठेवून पुन्हा दाराशी शेजारणीशी बोलायला जाऊ लागली.

आपल्या घरी शेगडी घ्यावयाची असेल, तेव्हा जी व्यक्ती रोज तिच्यापुढे उभी राहणार आहे तिला आधी विचारा, आणि तिलाच दुकानात पुढे उभी करा. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.